नाशिक रस्त्याचा जमाखर्च

पुण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर कासारवाडीपाशी उजव्या हाताला एक रस्ता फुटतो. त्या जागेला नाशिक फाटा म्हणतात. नाशिक तेथून सुमारे दोनशे किलोमीटर दूर आहे आणि फाट्यावरून दिवसभरात जी माणसे वळतात, त्यांतील बहुतेकांना नाशिकला जायचेच नसते. कोणाला भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला हजर व्हायचे असते, कोणाला मोशीला घरी परतायचे असते, तर कोणाला चाकणच्या कारखान्यात सुटे भाग पोहोचवायचे असतात. नावाने हा रस्ता नाशिकचा. वापराने मात्र तो केव्हाच भोसरी-चाकणचा झाला आहे. ६ मार्च २०२२ रोजी पुण्याची मेट्रो सुरू झाली, तेव्हा या फाट्यावरच्या स्थानकाला भोसरीचे नाव देण्यात आले होते. प्रत्यक्षात भोसरी गाव तेथून काही किलोमीटर आत आहे. स्थानकाच्या नावावर विसंबून उतरलेल्या नवख्या प्रवाशाला पुढे रिक्षा शोधावी लागे. नाव एकाचे आणि सोय दुसऱ्याची, ही या रस्त्याची जुनीच रीत आहे.

२ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील आठ महामार्ग प्रकल्पांना मान्यता दिली. त्यांत नाशिक फाटा ते खेड या ३० किलोमीटरांच्या आठपदरी उन्नत मार्गाचा समावेश आहे. त्याचा अपेक्षित खर्च ७,८२७ कोटी रुपये, म्हणजे दर किलोमीटरला सुमारे २६१ कोटी. एवढी रक्कम एका रस्त्यावर खर्च व्हावयाची असेल, तर त्या रस्त्याचा जमाखर्च एकदा नीट मांडून पाहणे अगत्याचे ठरते. या रस्त्याने कोणाला काय दिले, कोणाकडून काय घेतले आणि नव्या खर्चाचा लाभ कोणाच्या पदरी पडणार, हे प्रश्न केवळ अभियंत्यांवर सोपवून मोकळे होण्याजोगे नाहीत.

नद्यांना आडवा जाणारा रस्ता

नकाशा समोर ठेवला की या रस्त्याचे पहिले वैशिष्ट्य लक्षात येते. सह्याद्रीत उगम पावून पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांना तो एकामागून एक आडवा छेदत जातो. मोशीला इंद्रायणी, चाकणच्या पुढे वाकीजवळ भामा, खेडला भीमा, मंचरच्या पुढे घोड, नारायणगावला मीना, त्यानंतर कुकडी, घारगावला मुळा, संगमनेरला प्रवरा आणि नाशिकच्या उंबरठ्यावर दारणा. दोन नद्यांच्या मध्ये सह्याद्रीच्या डोंगररांगांचे फाटे पूर्वेकडे उतरलेले आहेत. म्हणून नदी ओलांडली की चढ आणि चढ संपला की पुन्हा नदी. खेडचा घाट आणि संगमनेरच्या अलीकडचा चंदनापुरीचा घाट ही त्याची ठळक उदाहरणे होत.

निसर्गाने या प्रदेशातील दळणवळणाची दिशा पूर्व-पश्चिम अशी ठरवून दिली होती. सातवाहनकाळातील व्यापारी तांडे कोकणातून नाणेघाट चढून जुन्नरला येत आणि पुढे पैठणकडे जात. नाणेघाटातील शिलालेख आणि जुन्नरभोवतालची लेणी ही त्या वाटेच्या समृद्धीची साक्ष देतात. वाटा घाटातून उतरत, खोऱ्याच्या कडेने जात आणि नदी ओलांडण्याचा प्रसंग शक्यतो टाळत. पुणे-नाशिक रस्ता या नैसर्गिक दिशेच्या काटकोनात जातो. साहजिकच त्याचा इतिहास हा बव्हंशी त्याच्या पुलांचा इतिहास आहे. पूल नव्हते तोवर तो वर्षातील आठ महिन्यांचाच रस्ता होता. पावसाळ्यात एखादी नदी फुगली की टपाल, माल आणि माणूस तिघेही काठावर ताटकळत.

पूल झाले, डांबर आले आणि गावांचे भाग्य बदलले. जुन्नर ही प्राचीन बाजारपेठ. पण ती या रस्त्यापासून पश्चिमेला बाजूला राहिली आणि रस्त्यावरचे नारायणगाव तालुक्याची व्यापारी पेठ बनले. टोमॅटोच्या बाजारासाठी आणि तमाशाच्या फडांच्या सुपाऱ्यांसाठी आज त्याचीच ख्याती आहे. ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी ज्या गावी आहे असे भाविक मानतात ते आळे गाव जुने. परंतु कल्याण-अहिल्यानगर रस्ता नाशिक रस्त्याला जेथे छेदतो तेथे उभे राहिलेले आळेफाटा हे केवळ रस्त्याचे अपत्य आहे. ज्या पेठेला रस्ता मिळाला ती वाढली आणि ज्या पेठेला तो चुकला ती इतिहासाच्या पुस्तकात राहिली. चाकणला मात्र इतिहास आणि रस्ता या दोहोंचा लाभ झाला. १६६० मध्ये शायिस्तेखानाच्या प्रचंड फौजेला फिरंगोजी नरसाळ्याने सुमारे दोन महिने जेथे थोपवून धरले, तो संग्रामदुर्ग याच गावात आहे. जाणारा-येणारा येथूनच जाणार, म्हणून येथे किल्ला. आणि त्याच कारणाने पुढे बाजार.

बंदराकडे पाहणारी रेल्वे

पुणे आणि नाशिक ही दोन्ही मोठी शहरे. दोन्ही रेल्वेच्या नकाशावर दीडशे वर्षांहून अधिक काळ आहेत. तरीही त्या दोहोंना थेट जोडणारा लोहमार्ग नाही. याचे कारण रेल्वे ज्या हेतूने बांधली गेली त्यात सापडते. मुंबईहून निघालेल्या लोहमार्गाची एक शाखा बोरघाट चढून पुण्याकडे गेली. १८६३ मध्ये घाटातील काम पुरे होऊन ती सलग झाली. दुसरी शाखा थळघाट चढून नाशिककडे वळली आणि १८६५ मध्ये त्या घाटातून गाड्या धावू लागल्या. दोन्ही मार्गांचे तोंड मुंबईच्या बंदराकडे होते. वऱ्हाडचा आणि दख्खनचा कापूस बंदरात आणावयाचा आणि बंदरातून कापड व यंत्रे आत न्यावयाची, हे त्यांचे मुख्य प्रयोजन. दख्खनमधील दोन शहरांनी परस्परांशी व्यवहार करावा, ही त्या आखणीतली निकड नव्हती. हाताची दोन बोटे मनगटाशी जोडलेली असतात, एकमेकांच्या टोकांशी नव्हे. त्यातलाच हा प्रकार.

ही उणीव भरून काढण्याचा भार आपसूकच रस्त्यावर पडला. खेड, आंबेगाव, जुन्नर, संगमनेर या तालुक्यांतील कांदा, बटाटा, टोमॅटो, द्राक्षे, ऊस आणि दूध यांना रस्त्यावाचून दुसरी वाट उरली नाही. पुणे-नाशिक थेट रेल्वेची मागणी अनेक दशके होत राहिली. अलीकडच्या काळात सुमारे २३५ किलोमीटरांच्या निमजलद रेल्वेचा प्रकल्प आखला गेला आणि राज्य शासनाने त्याला मान्यताही दिली. परंतु नारायणगावजवळ खोडद येथे जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची ही यंत्रणा अवकाशातून येणाऱ्या अतिक्षीण लहरी टिपते आणि विजेवर धावणाऱ्या गाड्यांचा उपसर्ग तिला सहन होण्यासारखा नाही. या कारणास्तव रेल्वे मंत्रालयाने तो थेट मार्ग अमान्य केला आणि २०२५ मध्ये अहिल्यानगर-शिर्डीमार्गे नाशिकला जाण्याचा पर्याय पुढे केला.

येथे विज्ञानाला खलनायक ठरविण्याचे कारण नाही. दुर्बीण एकदा उभारली की तिची शांतता जपणे हे राष्ट्राचे कर्तव्यच आहे. लक्षात घ्यावयाची गोष्ट निराळी आहे. रेल्वे दूर गेली, तर तिने जो भार उचलावा अशी अपेक्षा होती, तो पुन्हा याच रस्त्याच्या खांद्यावर येणार. म्हणून रेल्वेचा निर्णय आणि रस्त्याचा निर्णय हे दोन खात्यांचे दोन स्वतंत्र विषय समजणे, ही हिशेबातील पहिली चूक होय.

भोसरीचे स्थित्यंतर

भोसरी हे या रस्त्यावरचे पहिले मोठे गाव. भोजापूर या नावावरून भोसरी हे नाव आले, असे गावातील परंपरा सांगते. आणि येथील प्राचीन दगडी अवशेषांमुळे या गावाचे नाव अभ्यासकांनाही परिचित आहे. पण कित्येक शतकांची ही वसती गेल्या साठ वर्षांत जितकी बदलली, तितकी आधी कधी बदलली नसेल. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि त्याने पिंपरी-भोसरीच्या माळरानावर व शेतांवर भूखंड पाडले. मोठे मोटार कारखाने आले, त्यांच्या पाठोपाठ त्यांना लागणारे सुटे भाग करणारी शेकडो छोटी वर्कशॉपे आली. ४ मार्च १९७० रोजी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही गावे मिळून नगरपालिका झाली. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी तिची महानगरपालिका झाली. १९७१ च्या जनगणनेत ज्या शहराची वस्ती एक लाखाच्या आत होती, तेथे २०११ मध्ये १७ लाख २७ हजारांहून अधिक माणसे मोजली गेली.

या वाढीत रस्त्याचा वाटा किती, हे जमिनीच्या किमती सांगतात. शेतजमीन म्हणून जी जमीन संपादित झाली, तिचा मोबदला शेतीच्या हिशेबाने मिळाला. रस्ता आला, कारखाने आले आणि शेजारच्या उरलेल्या तुकड्याची किंमत अनेक पटींनी चढली. ज्याची जमीन संपादनातून वाचली तो श्रीमंत झाला आणि ज्याची गेली तो त्याच कारखान्याच्या दारात रोजंदारी मागू लागला. एकाच गावातील, कित्येकदा एकाच भावकीतील दोन घरांमध्ये ही दरी पडली. नवनगर प्राधिकरणाची स्थापना १९७२ मध्ये झाली; त्यासाठी जमिनी दिलेल्या शेतकऱ्यांच्या साडेबारा टक्के परताव्याचा प्रश्न पुढे दशकानुदशके रेंगाळला. २०२१ मध्ये ते प्राधिकरणच विलीन झाले. मूळ खातेदार गेले. वारस आणि फायली मागे राहिल्या.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत पुस्तकात शिकवला जातो. मालकाने काही न करताही केवळ जागेच्या मोक्यामुळे जमिनीला जे उत्पन्न मिळते, ते समजून घ्यावयाचे असेल तर त्याने भोसरी ते चाकण पायी जावे. रस्त्याकडेची गाळ्यांची रांग, मागे कामगारांना भाड्याने दिलेल्या पत्र्याच्या खोल्या, त्यांच्या मागे वजनकाटे, गोदामे आणि ट्रकचे तळ. या सगळ्यांच्या किमतीत रस्त्याची किंमत मिसळलेली आहे. रस्ता सर्वांच्या पैशाने झाला. किमतीतील वाढ मात्र काहींच्या सातबाऱ्यावर चढली.

महापालिकेची तिजोरीही दीर्घकाळ याच रस्त्यावर पोसली गेली. जकात हे तिचे प्रमुख उत्पन्न होते आणि जकातीसाठी नाक्यावर ट्रकच्या रांगा लागत. १ एप्रिल २०१३ पासून जकात गेली आणि स्थानिक संस्था कर आला. पुढे २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराने जुनी करव्यवस्थाच बदलून टाकली. नाके गेले, पण रांगा गेल्या नाहीत. रांगेचे कारण नाका हे नव्हतेच, किंवा निदान एकटा नाका हे नव्हते, हे त्यानंतर उमगले.

रस्ता अडविणारा शेतकरी

या रस्त्याच्या इतिहासातील एक प्रकरण कारखानदारीच्या झगमगाटात विस्मरणात जाऊ पाहत आहे. चाकणच्या पश्चिमेला भामा नदीचे खोरे आहे. खोऱ्याच्या टोकाच्या वांद्रे गावापासून चाकणच्या बाजारापर्यंत येणारा रस्ता कागदावर होता. पावसाळ्यात तो असून नसल्यासारखा असे. आजारी माणूस आणि तयार माल, दोन्ही खोऱ्यात अडकून पडत. आंबेठाणला शेती करावयास आलेल्या शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८० मध्ये त्या खोऱ्यातील शेतकरी, बायाबापड्यांसह, वांद्रे ते चाकण असे सुमारे ६४ किलोमीटर चालत आले. मागणी साधी होती: बाजारापर्यंत पोहोचण्यासाठी धड रस्ता द्या.

त्यानंतर दोनच महिन्यांत, मार्च १९८० मध्ये, कांद्याच्या भावासाठी चाकणच्या शेतकऱ्यांनी पुणे-नाशिक रस्ता रोखला. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, नाशिक जिल्ह्यात, ऊस-कांद्याचे आंदोलन पेटले. जानेवारीत जे रस्ता मागण्यासाठी चालले होते, तेच मार्चमध्ये रस्ता अडवून बसले, यात वरवर विसंगती वाटेल. ती विसंगती नव्हे. मालाचा भाव बाजार समितीच्या ओट्यावर ठरतो; परंतु तो ठरविणाऱ्यांचे लक्ष वेधून घ्यावयाचे तर शहराचा पुरवठा जेथून जातो ती नाडी दाबावी लागते, हे त्या शेतकऱ्याने ओळखले होते. रस्ता ही केवळ सोय नसून सत्ता आहे, हा धडा त्याने कोणत्याही ग्रंथावाचून शिकला.

आज त्याच चाकणमध्ये रस्ता रोखण्यासाठी आंदोलनाची गरज उरलेली नाही. तळेगाव चौक आणि आंबेठाण चौक रोज सकाळ-संध्याकाळ आपोआप रोखले जातात. १९८० मध्ये कांद्याच्या गाड्या थांबल्या तेव्हा मुंबईत त्याची बातमी झाली. आता कांदा घेऊन निघालेला शेतकरी तासन्‌तास चौकात उभा राहतो, याची बातमी कोणी करत नाही. बाजार समितीत गाडी उशिरा पोहोचली तर लिलाव हुकतो आणि मुक्काम पडतो. हुकलेल्या लिलावाची नोंद कोणत्याच वहीत होत नाही.

चाकांवरचे कोठार

चाकणचे रूपांतर गेल्या पंचवीस वर्षांतले. नव्वदीच्या दशकात तेथे औद्योगिक क्षेत्र आकारास आले. १९९९ मध्ये दुचाकींचा मोठा कारखाना सुरू झाला. २००९ मध्ये दोन जर्मन मोटार कंपन्यांचे कारखाने उभे राहिले. आणखीही अनेक आले. भोसरी ही सुटे भाग करणाऱ्यांची आणि चाकण ही ते जोडून गाडी तयार करणाऱ्यांची, अशी एक ढोबळ विभागणी होत गेली. या दोहोंमधील सुमारे पंधरा-वीस किलोमीटरांचा रस्ता हा या अर्थाने एकाच मोठ्या कारखान्याचा सरकता पट्टा बनला.

आधुनिक मोटार उद्योगाची पद्धत अशी, की सुट्या भागांचा साठा कारखान्यात करून ठेवावयाचा नाही. लागेल तेव्हा, लागेल तितका माल पुरवठादाराने आणून द्यावयाचा. साठ्यात अडकणारे भांडवल वाचते, गोदामाचे भाडे वाचते. व्यवस्थापनशास्त्रात या पद्धतीचे फार कौतुक होते आणि कारखान्याच्या ताळेबंदापुरते ते रास्तही आहे. परंतु साठा नाहीसा होत नाही. तो कारखान्याच्या आवारातून निघून सार्वजनिक रस्त्यावर येतो. मोशीच्या पुढे रांगेत उभा असलेला प्रत्येक टेंपो हे चाकांवरचे कोठार आहे. त्या कोठाराचे भाडे कारखाना देत नाही. ते भोसरीचा छोटा पुरवठादार उशिराच्या दंडाच्या रूपाने देतो, टेंपोवाला डिझेलच्या रूपाने देतो आणि मागे अडकलेला कामगार आपल्या आयुष्यातील तासांच्या रूपाने देतो.

या कामगाराचा हिशेब कोणी मांडत नाही. तो बहुधा दुचाकीवर असतो. कंत्राटी असेल तर कंपनीच्या बसमध्ये त्याला जागा असेलच असे नाही. पीएमपीची बस आहे. पण तीही त्याच कोंडीत अडकते. म्हणून तो दुचाकीचे हप्ते भरतो आणि दोन कंटेनरांमधल्या फटीतून वाट काढतो. पाळीला दहा मिनिटे उशीर झाला तर अर्ध्या दिवसाचा पगार जाण्याची धास्ती त्याच्या मानेवर असते. रस्त्यावरच्या अपघातांना बेदरकारपणाचे नाव देणे सोपे आहे. त्या बेदरकारपणामागे हजेरीचे घड्याळ असते, हे लक्षात घेणे थोडे कठीण.

वरचा रस्ता, खालचा रस्ता

आता नव्या उन्नत मार्गाकडे वळता येईल. त्याच्या बाजूचे युक्तिवाद हलके नाहीत. नाशिक, संगमनेर, नारायणगावकडे जाणारी लांब पल्ल्याची वाहतूक वरून गेली, तर खालचा रस्ता मोकळा होईल. शेतमाल लवकर पोहोचेल. जमीन फारशी संपादित करावी लागणार नाही. खेडच्या पुढे सिन्नरपर्यंतचा सुमारे १३८ किलोमीटरांचा टप्पा चौपदरी झाला, तेव्हा प्रवासाचा वेळ घटला, हेही खरे. मात्र त्या टप्प्याचाच अनुभव सावध करणाराही आहे. ज्या उद्योगसमूहाकडे ते काम होते, तो २०१८ मध्ये कर्जफेडीच्या संकटात सापडला. गावांबाहेरून जाणारी बाह्यवळणे रखडली आणि रुंद रस्त्यावरून वेगाने आलेली वाहने गावाच्या अरुंद पेठेत येऊन तुंबू लागली. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच असते, याचा तो प्रत्यय होता.

मूळ प्रश्न असा, की नाशिक फाटा ते चाकण या पट्ट्यातील गर्दी कोणाची आहे? तिची वेळ पाहिली तर उत्तर बरेचसे स्पष्ट होते. कारखान्यांच्या पाळ्या बदलताना कोंडी शिगेला पोहोचते आणि साप्ताहिक सुट्टीला ती बरीच ओसरते. लांब पल्ल्याची वाहतूक पाळीचे घड्याळ पाहून चालत नाही. याचा अर्थ, या रस्त्यावरचा मोठा भार स्थानिक आहे: भोसरीहून चाकणला, मोशीहून भोसरीला, कुरुळीहून चाकणला जाणाऱ्यांचा. जो दर दोन-तीन किलोमीटरांवर चढतो आणि उतरतो, त्याला वरचा जलद मार्ग फारसा उपयोगी नाही. शिवाय हा मार्ग बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा या तत्त्वावर मंजूर झालेला आहे. म्हणजे टोल आलाच. ज्याला टोल परवडेल तो वरून जाईल आणि ज्याला परवडणार नाही तो खांबांच्या सावलीतून जाईल. एकाच रस्त्याचे असे दोन मजले झाले, तर ते केवळ सिमेंटचे मजले राहणार नाहीत.

याचा अर्थ उन्नत मार्ग नकोच, असा नव्हे. तो पुरेसा नाही, एवढाच. त्याच्याबरोबर तीन गोष्टींची हमी मागितली गेली पाहिजे. पहिली, खालच्या रस्त्याची. बांधकाम सुरू असताना आणि संपल्यावरही खालच्या रस्त्यावर बससाठी राखीव मार्गिका, सलग सेवारस्ता, पदपथ, सांडपाण्याची व्यवस्था आणि शाळा-बाजारांपाशी रस्ता ओलांडण्याची निर्धोक सोय या बाबी कराराच्या मूळ मसुद्यात असल्या पाहिजेत. उद्घाटनानंतर द्यावयाच्या आश्वासनांत नव्हे. चाकणपर्यंत मेट्रो नेण्याचे प्रस्ताव मांडले गेले आहेत. वरचे खांब उभे करताना त्यांचाही विचार आधीच झाला नाही, तर पुढे एका पुलासाठी दुसरा पूल पाडण्याची वेळ येईल. पुणेकरांना हा अनुभव नवा नाही.

दुसरी गोष्ट आडव्या रस्त्यांची. तळेगाव-चाकण-शिक्रापूर हा एके काळचा साधा ग्रामीण राज्यमार्ग मुंबई, नाशिक आणि अहिल्यानगर या तिन्ही दिशांच्या वाहतुकीला पुण्याबाहेरून जोडतो. त्याला राष्ट्रीय महामार्गाचा क्रमांक मिळाला. परंतु क्रमांकाने रस्ता रुंद होत नाही. चाकणची कोंडी उभ्या रस्त्याइतकीच या आडव्या रस्त्याचीही आहे. आडवा रस्ता तसाच ठेवून उभ्या रस्त्यावर मजला चढविणे म्हणजे चौकातील गाठ न सोडवता दोरी लांब करणे होय.

तिसरी गोष्ट पैशाची. रस्त्यामुळे ज्यांच्या जमिनींचे मोल वाढते, त्यांच्याकडून त्या वाढीचा काही अंश सुधार आकाराच्या रूपाने वसूल करण्याचे तत्त्व आपल्या नगररचना कायद्याला अपरिचित नाही. वापरात मात्र ते क्वचितच येते, कारण जमिनीचे मालक संघटित असतात आणि टोल भरणारे विखुरलेले. जे कारखाने आपले कोठार रस्त्यावर ठेवतात, त्यांनी पाळ्यांच्या वेळा परस्परांत विभागून घ्याव्यात, कंत्राटी कामगारांसह सर्वांसाठी बस चालवाव्यात आणि अवजड मालाच्या वेळा ठरवून घ्याव्यात, एवढी अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही. या उपायांना हजारो कोटी लागत नाहीत. कदाचित म्हणूनच त्यांची कोनशिला बसवावयास कोणी उत्सुक नसते.

मार्गाचे क्रमांकही बदलत राहिले. जो रस्ता अनेक वर्षे राष्ट्रीय महामार्ग ५० म्हणून ओळखला गेला, तो नव्या क्रमवारीत ६० झाला. मैलाचे दगड जाऊन किलोमीटरचे आले, त्यांच्याही जागी आता हिरव्या पाट्या आल्या. वांद्र्याहून चालत निघालेल्या शेतकऱ्यांना रस्त्याचा क्रमांक ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आपला रस्ता आपल्याला बाजारापर्यंत नेतो की नाही, एवढीच त्यांची कसोटी होती. चार दशकांनंतर भोसरीच्या कामगाराचीही कसोटी तीच आहे. तो वेळेवर कामाला पोहोचावा आणि रात्री धडधाकट घरी परतावा. ७,८२७ कोटींचा हिशेब या कसोटीवर उतरला, तरच रस्त्याची जमा त्याच्या खर्चाहून अधिक झाली असे म्हणता येईल.